जुन्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये ०.१ म्हणजे नेमके किती?

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती लागू झाली आणि सोळा आण्यांचा, म्हणजेच चौसष्ट जुन्या पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेली फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तरीही त्या शेजारी ठेवल्या की संगणकातील अपूर्णांकांचा एक अवघड वाटणारा प्रश्न सहज उलगडतो, कारण आपला जुना रुपया ज्या रीतीने विभागला जात होता त्याच रीतीने संगणक संख्येचे भाग पाडतो, आणि नव्या रुपयाची रीत त्याला आजही पेलत नाही.

संगणकातील बहुतेक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी लिहिलेल्या असतात. आपल्या दशमान पद्धतीत बिंदूच्या उजवीकडची स्थाने दशांश, शतांश, सहस्रांश अशी असतात, तर द्विमान पद्धतीत ती निम्मा, पाव, अष्टमांश, सोळांश अशी असतात. त्यामुळे अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) आणि आणा या सगळ्या रकमा द्विमान पद्धतीत एका झटक्यात आणि तंतोतंत लिहिता येतात. जुना पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, तोही सहाव्या स्थानी नेमका बसतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या जुन्या पाढ्यांतला प्रत्येक अपूर्णांक याच जातीचा आहे. दहा नव्या पैशांचे, म्हणजे ०.१ रुपयाचे मात्र तसे नाही. एक सोळांश आणि एक बत्तिसांश मिळून ०.०९३७५ होतात; त्यात दोनशे छप्पनावा आणि पाचशे बारावा भाग मिळवला की ०.०९९६०९३७५ होतात, असे भाग मिळवत कितीही पुढे गेले तरी नेमके ०.१ कधीच हाती लागत नाही. एकाला तिनाने भागले असता ०.३३३ हा क्रम संपत नाही, तसाच द्विमान पद्धतीत ०.१ चा ००११ हा क्रम अखंड चालू राहतो. दहा या संख्येत दोनाबरोबर पाच हा अवयव आहे आणि दोनाच्या कोणत्याही घाताला पाचाने नि:शेष भाग जात नाही, एवढेच यामागचे कारण आहे.

न संपणारा क्रम कुठेतरी तोडावा लागतो आणि तो कुठे तोडायचा हे यंत्राकडे किती बिट, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या किती जागा, आहेत यावर ठरते. फ्लोटिंग पॉइंट ही त्यासाठीची लिहिण्याची रीत आहे. शाळेच्या पुस्तकात फार मोठी संख्या आपण ‘अमुक गुणिले दहाचा तमुक घात’ अशी लिहितो. संगणकही संख्येचे तीन भाग साठवतो, ते म्हणजे चिन्ह, सार्थ अंक आणि घातांक. यात सार्थ अंकांची संख्या ठरलेली असते आणि बिंदू घातांकानुसार सरकत राहतो. याचा परिणाम असा की संख्या जितकी मोठी, तितके तिच्या आसपासच्या दोन साठवता येण्याजोग्या संख्यांमधले अंतर मोठे होत जाते. आज प्रचलित असलेल्या ३२ बिटांच्या सिंगल प्रिसिजन रचनेत २४ सार्थ बिट असतात, म्हणजे दशमान पद्धतीतले साधारण सात अंक. १,३१,०७२ च्या पुढे, २,६२,१४४ पर्यंत, या रचनेतील लगतच्या दोन संख्यांमधले अंतर एक चौसष्टांश इतके असते, म्हणजे बरोबर एक जुना पैसा. १,५०,००० रुपये १० पैसे ही रक्कम अशा चलात, म्हणजे संख्या साठवण्यासाठी प्रोग्रामने नाव दिलेल्या जागेत, ठेवली तर प्रत्यक्षात १,५०,०००.०९३७५ ही संख्या साठवली जाते आणि दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्यावर १,५०,०००.०९ दिसते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुठेही चूक केलेली नसते, बेरीज-वजाबाकीही झालेली नसते. केवळ रक्कम साठवली म्हणून एक पैसा गेलेला असतो.

बेरजा करू लागलो की हाच दोष साचत जातो. सिंगल प्रिसिजनच्या एका चलात ०.१ ही संख्या एक कोटी वेळा मिळवली तर उत्तर दहा लाख यायला हवे, पण प्रत्येक पायरीवर जवळच्या संख्येपर्यंत पूर्णांकन करणाऱ्या यंत्रावर ते १०,८७,९३७ येते. जवळजवळ नऊ टक्क्यांची ही चूक कशी होते ते टप्प्याटप्प्याने पाहता येते. एकूण बेरीज १,३१,०७२ ते ५,२४,२८८ या पट्ट्यात असताना प्रत्येक वेळी मिळवलेले ०.१ प्रत्यक्षात ०.०९३७५ म्हणून जमा होते, म्हणजे दहा नवे पैसे दीड आणा म्हणून मोजले जातात. बेरीज ५,२४,२८८ च्या पुढे गेली की त्याच दहा पैशांचे ०.१२५, म्हणजे पुरते दोन आणे होतात. बेरीज तशीच चालू ठेवली, तर ती २०,९७,१५२ वर कायमची थांबते, कारण तिथे लगतच्या दोन संख्यांमध्ये पावलीचे अंतर असते आणि दहा पैसे हे पावलीच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे प्रत्येक वेळी शून्य म्हणून टाकून दिले जातात. त्यानंतर प्रोग्राम आणखी शंभर कोटी वेळा चालवला तरी बेरीज तसूभरही हलणार नाही. प्रत्येक बेरजेत गळून पडलेला भाग वेगळ्या चलात जपून पुढच्या बेरजेत मिळवण्याची युक्ती विल्यम काहान यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

असा साचलेला दोष जिवावर बेतू शकतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे आणि त्या आकड्याला ०.१ ने गुणून सेकंद काढत असे, हे ०.१ चोवीस बिटांत तोडलेले होते. दर दशांश सेकंदामागे होणारी चूक ०.०००००००९५ सेकंद इतकी नगण्य होती, परंतु यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू राहिल्याने ती ०.३४ सेकंदांवर पोहोचली, आणि सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर वेगाने येणारे क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. इथली अंकरचना फ्लोटिंग पॉइंटची नसून स्थिर बिंदूची, म्हणजे बिंदू न सरकणारी, होती हे स्पष्ट सांगितले पाहिजे, पण मूळ दोष तोच, न संपणाऱ्या ०.१ चा होता. आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. वेळेच्या रूपांतराची अधिक अचूक रीत या प्रणालीच्या काही भागांत आधीच बसवलेली होती आणि काही भागांत जुनीच राहिली होती. सगळीकडे एकच चुकीची वेळ वापरली असती, तर दोन वेळांच्या वजाबाकीत चूक बरीचशी आपोआप उडून गेली असती. अर्धवट सुधारणेमुळे ती उघडी पडली. दुरुस्त केलेला प्रोग्राम धहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी.

आता जुन्या भाषांकडे वळू. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या फोरट्रानमध्ये अपूर्णांक ठेवायच्या चलाला ‘रिअल’ म्हणत, आणि त्या चलात किती अंक खरे मानायचे याबद्दल भाषा एक अक्षरही सांगत नव्हती. ते यंत्रावर सोडलेले होते. माझ्या मते जुन्या प्रोग्राममधील अचूकतेचे बहुतेक घोटाळे या एका मौनातून निघालेले आहेत. आयबीएम ७०४ चा शब्द, म्हणजे यंत्र एकत्र हाताळत असे तो बिटांचा गट, ३६ बिटांचा होता आणि त्यातले २७ बिट सार्थ अंकांसाठी होते, म्हणजे सुमारे आठ दशमान अंक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० चा शब्द ४८ बिटांचा होता आणि त्यात ३६ सार्थ बिट होते. त्याच कंपनीच्या सीडीसी ६६०० मध्ये ६० पैकी ४८ बिट सार्थ होते, म्हणजे चौदा अंकांच्या आसपास. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आलेला आयबीएम १६२० तर द्विमान नव्हताच. तो दशमान अंकांनीच काम करत असल्यामुळे त्याच्या पोटात ०.१ ही संख्या तंतोतंत ०.१ च असे. म्हणजे फोरट्रानचा एकच प्रोग्राम, एकही ओळ न बदलता, या चार यंत्रांवर चालवला तर चार वेगळी उत्तरे मिळू शकत होती, आणि भाषेच्या नियमांनुसार ती चारही बरोबर होती.

सर्वांत मोठा धक्का बसला तो आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम ३६० ही मालिका जाहीर केल्यावर. या यंत्रांचा शब्द ३२ बिटांचा झाला आणि घातांक दोनाचा न राहता सोळाचा झाला. सार्थ भाग सोळा-पायाच्या सहा अंकांचा, म्हणजे कागदावर २४ बिटांचा होता, पण त्यातला पहिला अंक १ असेल तर त्याचे चार बिट ०००१ असे लिहावे लागत आणि सुरुवातीचे तीन बिट वाया जात. त्यामुळे प्रत्यक्षातली अचूकता संख्येनुसार २१ ते २४ बिटांच्या दरम्यान डळमळत राहिली. सोळाच्या पद्धतीत ०.१ ही संख्या १ ने सुरू होऊन पुढे ९ ची माळ लागते, म्हणजे आपला हा दहा पैशांचा आकडा नेमका सर्वांत वाईट जागी पडतो. आयबीएमच्या आधीच्या, २७ सार्थ बिटांच्या यंत्रांवर वर्षानुवर्षे विश्वासाने चालवलेले वैज्ञानिक प्रोग्राम नव्या, अधिक वेगवान यंत्रावर नेल्यावर अधिक वाईट उत्तरे देऊ लागले. त्यावरचा उपाय म्हणजे रिअल चलांच्या जागी दुप्पट लांबीचे ‘डबल प्रिसिजन’ चल वापरणे, आणि अनेकांनी तोच केला.

परंतु डबल प्रिसिजनमध्येही या यंत्रांना सुरुवातीला एक खोट होती. वजाबाकी करताना दोन संख्यांचे बिंदू एका रेषेत आणण्यासाठी लहान संख्या उजवीकडे सरकवावी लागते आणि तिचा शेवटचा अंक बाहेर पडतो. तो क्षणभर धरून ठेवण्यासाठी एक जादा जागा लागते. तिला गार्ड डिजिट म्हणतात. समजा चारच अंकांचे एक यंत्र आहे आणि त्यावर १.००० मधून ०.९९९९ वजा करायचे आहेत. जादा जागा नसेल तर ०.९९९९ चे ०.९९९ होते आणि उत्तर ०.०००१ ऐवजी ०.००१ येते, म्हणजे दसपट चुकते. सिस्टीम ३६० च्या डबल प्रिसिजनमध्ये ही जागा नव्हती, आणि त्यामुळे एखाद्या संख्येला १ ने गुणले तरी तिचा शेवटचा अंक गळण्याची पाळी येत असे. ग्राहकांचा दबाव इतका वाढला की आयबीएमला विकलेल्या यंत्रांमध्येही नंतर ही दुरुस्ती करून द्यावी लागली. क्रे कंपनीच्या महासंगणकांमध्ये मात्र ही उणीव पुढेही बरीच वर्षे राहिली. या इतिहासाच्या खुणा जुन्या प्रोग्राममध्ये अजून सापडतात. ‘एकातून क्ष वजा करा’ असे सरळ लिहिण्याऐवजी ‘अर्ध्यातून क्ष वजा करा आणि मग अर्धा मिळवा’ अशी ओळ दिसली, तर ती लिहिणारा गोंधळलेला नव्हता. क्ष ही संख्या अर्ध्या आणि एकाच्या दरम्यान असताना तिचा आणि अर्ध्याचा घातांक द्विमान यंत्रावर सारखा असतो, त्यामुळे काहीच सरकवावे लागत नाही आणि एकही बिट गळत नाही. असली ओळ ‘सोपी’ करून टाकण्यापूर्वी ती का लिहिली गेली याचा विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

यंत्राचा भाग झाला. आता भाषेच्या स्वतःच्या सवयी पाहू. फोरट्रानमध्ये एखादा चल डबल प्रिसिजनचा आहे असे जाहीर केले आणि पुढच्या ओळीत त्यात ०.१ भरले, तर आजच्या यंत्रावर त्यात ०.१०००००००१४९ च्या आसपासची संख्या जाऊन बसते. कारण असे की भाषेच्या नियमानुसार नुसते लिहिलेले ०.१ हे सिंगल प्रिसिजनचे असते. ते आधी तोकडे होते आणि मग मोठ्या चलात ठेवले जाते. चल पंधरा-सोळा अंकांचा, पण त्यातले खरे अंक सात-आठच. हे टाळण्यासाठी स्थिरांकाच्या शेवटी डी हे अक्षर आणि शून्य घातांक लिहावा लागतो. हजारो ओळींच्या प्रोग्राममध्ये हे एखादे डी राहून गेले तर कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी प्रणाली, तक्रार करतोच असे नाही, प्रोग्राम सुरळीत चालतो, आणि उत्तरातले मागचे सात-आठ अंक केवळ शोभेचे उरतात.

सी भाषेने याच्या नेमका उलटा नियम ठेवला. तिथे नुसता लिहिलेला अपूर्णांक ‘डबल’ समजला जातो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या टर्बो सी या सी च्या कंपायलरवर शिकल्या आणि त्यांतल्या पुष्कळांनी नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न ऐकलेला असेल: ‘फ्लोट’ प्रकारच्या चलात ०.७ ठेवले आणि लगेच तो चल ०.७ पेक्षा लहान आहे का असे विचारले, तर उत्तर ‘हो’ का येते? चलात २४ बिटांपर्यंत तोडलेली संख्या, म्हणजे साधारण ०.६९९९९९९८८ असते, आणि तुलना होते ती ५३ बिटांच्या, ०.७ च्या कितीतरी अधिक जवळ असलेल्या संख्येशी. हाच प्रयोग ०.१ घेऊन केला तर उत्तर उलटते, कारण २४ बिटांत ०.१ चे पूर्णांकन वरच्या बाजूला होते आणि चल थोडा मोठा ठरतो. ०.५ घेतले तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात, कारण अधेली कितीही बिटांत अधेलीच राहते. हा प्रश्न केवळ पाठ करण्याचा चकवा म्हणून शिकवला जातो याचे वाईट वाटते. पूर्णांकन कोणत्या दिशेला झाले हे हाताने काढून पाहिले तर या एका उदाहरणात विषयाचा गाभा हाती येतो. सीच्या मूळ रूपात फ्लोट चलांची कोणतीही आकडेमोड आधी डबलमध्ये रूपांतर करूनच होत असे. फ्लोटची आकडेमोड फ्लोटमध्येच करण्याची मुभा आणि स्थिरांकामागे एफ हे अक्षर लावण्याची सोय १९८९ च्या प्रमाण आवृत्तीने दिली.

घरगुती संगणकांच्या काळात यात आणखी भर पडली. मायक्रोसॉफ्टच्या बेसिक भाषेच्या अनेक आवृत्त्यांमध्ये संख्येसाठी पाच बाइटची (एक बाइट म्हणजे आठ बिट) रचना होती आणि तीत सुमारे नऊ अंक मिळत, तर टर्बो पास्कलचा ‘रिअल’ सहा बाइटचा आणि अकरा-बारा अंकांचा होता. या रचना त्या त्या उत्पादनापुरत्याच होत्या, त्यामुळे एका प्रोग्रामने लिहिलेली फाइल दुसऱ्याने वाचायची तर रूपांतर अटळ होते. बँका आणि सरकारी हिशेबांचे जग मात्र या सगळ्यातून बऱ्याच अंशी वाचले, कारण तिथे कोबोल ही व्यापारी हिशेबांसाठीची भाषा होती. कोबोलमध्ये चल जाहीर करतानाच रुपयांचे किती अंक आणि पैशांचे किती हे लिहावे लागते, आणि संख्या दशमान अंकांच्या रूपातच साठवता येते. दहा पैसे तिथे दहा पैसेच राहतात. व्याजाच्या भागाकारात पूर्णांकन करावे लागतेच, पण ते कुठे आणि कसे करायचे हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो, यंत्र नव्हे. पैशाच्या व्यवहारासाठी मी आजही हीच रीत योग्य मानतो.

यंत्रागणिक बदलणाऱ्या उत्तरांना आळा बसला तो १९८५ च्या आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या प्रमाणामुळे. विल्यम काहान हे या प्रयत्नांचे अध्वर्यू होते आणि त्यांना १९८९ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. इंटेलने ८०८७ ही गणितासाठीची चिप १९८० मध्येच, म्हणजे प्रमाण पक्के होण्याआधीच, त्याच्या मसुद्याच्या धर्तीवर बाजारात आणली होती. ३२ बिटांत २४ आणि ६४ बिटांत ५३ सार्थ बिट, पूर्णांकन कसे करायचे, शून्याने भागल्यास काय द्यायचे, हे सर्व ठरले. तरीही भाषा मागे राहिल्या. ८०८७ आतल्या आत ८० बिटांच्या रचनेत आकडेमोड करत असे. सी च्या प्रोग्राममधले एखादे मधले उत्तर चिपमध्येच राहिले तर ते ६४ सार्थ बिटांचे असे आणि मेमरीत उतरवले की ५३ बिटांचे होई. म्हणून दोष शोधण्यासाठी मध्ये एक छापण्याची ओळ घातली की उत्तर बदलायचे आणि ती काढली की पुन्हा पूर्ववत व्हायचे.

किती अंक हवेत हे सांगण्याची सोय फोरट्रानमध्ये आली ती फोरट्रान ९० मध्ये. तिथे ‘निदान बारा अंक आणि अमुक इतका घातांक पेलेल असा रिअल द्या’ अशी मागणी करता येते, आणि यंत्राकडे तसा प्रकार नसेल तर कंपायलर तसे सांगतो. परंतु हवामान, अणुविज्ञान आणि बांधकाम अभियांत्रिकीच्या क्षेत्रांत त्याआधी लिहिलेले फोरट्रान ६६ आणि ७७ चे प्रोग्राम आजही वापरात आहेत. असा प्रोग्राम ज्याच्या हाती येतो, त्याने आधी तो मूळ कोणत्या यंत्रावर चालत होता हे शोधावे, कारण सीडीसीच्या ४८ सार्थ बिटांवर नीट चालणारा साधा ‘रिअल’ आज निम्म्याच बिटांत चालतो. त्यानंतर डी नसलेले स्थिरांक पाहावेत, ०.१ च्या पावलाने पुढे जाणारी आवर्तने शोधून ती पूर्णांकाने मोजावीत, आणि दोन अपूर्णांक ‘समान आहेत का’ असे विचारणाऱ्या ओळी तपासाव्यात. कंपायलरला एक सूचना देऊन सगळे रिअल चल एकदम ६४ बिटांचे करता येतात; जीफोरट्रान या फोरट्रानच्या कंपायलरमध्ये तशी सोय आहे आणि तिचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र त्या सूचनेने डबल प्रिसिजनचे चलही सोबत १६ बाइटचे होतात, ते तसे होऊ नयेत म्हणून वेगळी सूचना द्यावी लागते, आणि चलांची मेमरीतील जागा एकमेकांवर बसवणाऱ्या जुन्या ओळींमध्ये रिअल आणि पूर्णांक यांची लांबी सारखी धरलेली असेल तर तो हिशेब मोडतो. म्हणून अशा ओळी आधी वाचाव्यात आणि मगच ती सूचना द्यावी.